चुंबकावरचा आळ

“ए ढमे, खिडकी लाव गं! वारा बघ कसा सुटलाय, माझे सगळे कागद उडाले!”

थोरल्या बहिणीचा हा आवाज. आतल्या खोलीतून आलेला, निम्मा रागातला, निम्मा लाडातला. धाकटीने खिडकी लावली की नाही, ते आता तिलाही आठवत नाही. आवाज मात्र जसाच्या तसा राहिला, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला ताप भरला, कडक इंजेक्शनं झाली, आणि ताप उतरला तो जाताना कान घेऊन गेला. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

घरात एकच दिवा असला की माणूस तो खोलीखोलीतून हाती घेऊन फिरतो. तिने तो एक आवाज तसा फिरवला. नवी मैत्रीण भेटली, दे तिला बहिणीचा आवाज. शेजारीण आली, दे तिलाही, थोडा जाडा करून. पुढे लेक झाली तेव्हा तोच आवाज आखूड करून, मुडपून तिला घातला. लेकीला तो छान बसला.

नवऱ्याचं मात्र तसं जमेना. बहिणीचा आवाज त्याच्या अंगावर कसा घालणार? मग तिने त्याच्यासाठी नवा केला, मन लावून केला. संथ, भरदार, मध्ये कुठे गाठ नाही की जोड नाही, भरल्या रिळावरून तार उतरावी तसा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने त्याला सांगून टाकलं होतं, “तुमचा आवाज मला माहितेय हं.”

“कसा आहे?” त्याचे ओठ म्हणाले.

तिने सांगितलं. तो हसला. मग मान खाली घालून शेजारच्या खुर्चीच्या हातावरून नुसताच अंगठा फिरवत राहिला. नव्या नवऱ्याला लाज वाटली असेल, असं तिला वाटलं.

त्यांची ओळखही खुर्चीपायीच झालेली. ती कॉइली गुंडाळायच्या कारखान्यात कामाला होती, अजून आहे. केसाहून बारीक तांब्याची तार भिंगाखाली धरायची आणि नखाएवढ्या साच्यावर वेढ्याला वेढा लावत न्यायची. ही कॉइल मग एका सेन्सरच्या पोटात जाते. तो सेन्सर हवाबंद डब्यात बसतो, आत किती थंड, किती गरम ते सांगायला. त्याला ना तार, ना बॅटरी. एरवी तो मेल्यासारखा पडलेला. बाहेरून दुसरी कॉइल जवळ आणली की तिच्यातली वीज न शिवता ह्याच्यात उतरते, हा जागा होतो, आपलं तापमान सांगतो आणि कॉइल दूर झाली की पुन्हा झोपतो. तिला हे फार आवडे. दोन वेटोळी समोरासमोर, मध्ये काही नाही, आणि तरी एकीचा जीव दुसरीत.

त्या कारखान्यातल्या खुर्च्यांच्या गाद्या दबल्या होत्या, म्हणून त्याला बोलावलं होतं. तो खुर्च्या-सोफे मढवणारा कारागीर. ओठांत मूठभर बारीक खिळे धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाला तो ओठांतूनच चिकटवायचा, आणि ठक्. डावा हात कापड ताणायला मोकळा. तोंडात खिळे म्हटल्यावर त्याच्याशी कुणी गप्पा मारायला जात नसे.

ती बहिरी हे त्याला आधीच कुणी सांगितलेलं. तिच्या खुर्चीपाशी आल्यावर त्याने खिळे तळहातावर काढले आणि तिच्याकडे तोंड करून विचारलं, “ही तुमची? उंची वाढवून देऊ?”

पहिल्या फटक्यात कळलं तिला. पुन्हा विचारावं लागलं नाही. ही किती मोठी गोष्ट, ते ज्याचं त्याला कळतं. लोक काय, कुणी शब्द गिळतं, कुणी मिशीआड लपवतं, कुणी बोलता बोलता मान वळवतं, कुणी बहिरीशी बोलायचं म्हणून एवढा जबडा फाकवतं की दाढा मोजाव्यात. आणि ह्याचे ओठ? छापलेलं पुस्तक.

शेजारच्या टेबलावरची फिरकी तेव्हापासून तिला चिडवते. कॉइलीचं चक्र फार जोरात फिरवते म्हणून तिचं नाव फिरकी. “लोक डोळ्यांवर भाळतात, ही बाई ओठांवर भाळली. चारचौघांत सांगू नकोस हं!”

संसार ओठांवर झाला. घरात ती असली की सगळं बोलणं तिच्याकडे तोंड करून. लेक बोलायला शिकली तीही आईचा चेहरा हातात धरून आपल्याकडे वळवायला आधी शिकली, शब्द मागाहून. नवरा बाहेर फारसा बोलत नसे. दुकानात बोटाने दाखवी, गिऱ्हाइकांना फोनवर लिहून पाठवी, पाहुण्यांत हसून मान डोलवी. तिला वाटे, माझ्या संगतीने हाही खुणांचा झाला बिचारा. आणि ते वाटून तिच्या पोटात माया दाटून येई.

कानाच्या ऑपरेशनचं लेकीने मनावर घेतलं. ती कॉलेजात जायला लागली होती आणि जगातली कुठलीच गोष्ट आहे तशी राहू द्यायला तयार नव्हती. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा आईने मान हलवायच्या आत समजून घेतलं होतं. कानामागे कातडीखाली एक छोटं यंत्र बसणार, त्याला एक कॉइल. त्याची एक बारीक तार कानाच्या शंखात जाणार. बाहेर केसांत दुसरी कॉइल, बटणासारखी चकती, चुंबकाने आतलीवर नेमकी चिकटणारी. बाहेरचं यंत्र आवाज पकडणार, चकतीतून कातडीपलीकडे वीज आणि आवाज दोन्ही एकदम पोचवणार.

“म्हणजे आतल्याला बॅटरी नाही,” ती म्हणाली.

“नाही. चकती टेकली की जागं, काढली की झोपलं.”

“हे तर आमचंच काम!” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. दुसऱ्या दिवशी फिरकीने कारखानाभर सांगितलं, ताईच्या डोक्यात आता आपला माल बसणार.

नवऱ्याला विचारलं तर ओठ एवढंच म्हणाले, “तुझी इच्छा.” तेही तिच्या खांद्याकडे बघून.

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर यंत्र चालू करायचा दिवस आला. दवाखान्यातली तज्ज्ञ बाई समोर लॅपटॉप घेऊन बसली. ती सारखे बीप वाजवून विचारी, हा मोठा की तो मोठा, म्हणून लेकीने तिचं नाव बीपबाई ठेवलं होतं. बीपबाईने चकती केसांत सोडली. चुंबकाने ती आपली आपण जागेवर जाऊन बसली, टप्.

आधी काहीच नाही. मग पत्र्यावर वाटाणे. मग त्या वाटाण्यांत कुणीतरी किंचाळतंय.

“आई? आई, मी! कशी वाटते मी?”

“बदकासारखी.”

लेकीचं तोंड पडलं. “बदक?”

“डब्यात अडकलेलं बदक,” आईने नीट सांगितलं. मग दोघी हसल्या, आणि हसणं म्हणजे आणखी वाटाणे, ते ऐकून ती आणखी हसली. बीपबाई म्हणाली, होतं असं. मेंदू हे सगळं विसरलाय, त्याला शिकवावं लागेल. रोज, दिवसभर, चकती काढायची नाही.

नवरा दाराशी उभा होता. बीपबाई तारा गुंडाळत होती, लेक डोळे पुसत होती. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, “ऐकू येतंय?”

आलं नाही. वाटाणा नाही, बदक नाही, काही नाही. पहिलाच दिवस, असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

दिवस गेले तसं जग एकेक करून घरी परत आलं. नळ आला. कात्री आली. जिन्यावरची पावलं आली, आणि कुणाची पावलं कोणती हेही आलं. कढई चर्र म्हणते हे ती विसरलीच होती, ती दोनदा जिरं टाकून बसली, नुसतं ऐकायला. लेकीच्या आवाजातलं बदक हळूहळू डब्याबाहेर आलं, त्याला मुलीची मान फुटली, मग एके सकाळी “आई, माझा मोजा बघितलास?” एवढं सगळं पाठीमागून, तोंड न बघता, तिला सरळ कळलं. ती पोळी तव्यावर तशीच टाकून मोजा शोधायला धावली. पोळी जळली. तो जळका वाससुद्धा तिला त्या दिवशी गोड लागला.

कारखान्यात फिरकी वेढे मोजताना गुणगुणते हेही कळलं. “एक वेढा बाई, दोन वेढे बाई, तार तुटली तर जबाबदार नाही.”

“हे तू रोज म्हणतेस?”

“इतकी वर्षं म्हणतेय. तुझी निंदासुद्धा ह्याच चालीवर करायचे. आता बंद करावी लागणार.”

सगळे आले. नवराच येईना.

ती त्याच्या तोंडाकडे बघत बसे. ओठ तसेच, छापील. “चहा झाला का?” “आज उशीर होईल.” “हा रंग कसा वाटतो?” सगळं वाचता येई आणि कानात पंखा, रस्ता, शेजाऱ्यांचा कुत्रा. तो दुकानातून उशिरा यायला लागला होता. दुकान म्हणजे त्याच इमारतीतली तळमजल्याची खोली, तरी उशीर होई. लेक अभ्यासाला बसे, आणि ही दोघं समोरासमोर, आणि मध्ये काही नाही, आणि तरी काही पोचत नाही.

तिने चकती सरकवून पाहिली. केस कातरून पाहिले. बीपबाईकडून जोरकस चुंबक लावून घेतलं. खालच्या पट्टीतले आवाज वाढवून घेतले. बीपबाईने बीप वाजवले, सगळे ऐकू आले, वरचे, खालचे, मधले. “मशीन उत्तम आहे,” बीपबाई म्हणाली. “पुढच्या वेळी यजमानांना घेऊन या, त्यांच्याच आवाजावर बघू.” पुढच्या वेळी यजमानांकडे एका हॉटेलच्या चाळीस खुर्च्या आल्या होत्या. त्याच्या पुढच्या वेळी कुठल्याशा सोफ्याची स्प्रिंग निसटली.

त्याच सुमारास कारखान्यात एक गोंधळ झाला. सेन्सरांची एक अख्खी खेप जागी होईना. कॉइल जवळ आणा, फिरवा, दाबा, ढिम्म. साहेब गुंडाळणाऱ्या बायकांवर घसरले. फिरकी म्हणाली, आम्ही काय तारेऐवजी शेवया गुंडाळल्या? शेवटी नव्या इंजिनिअर बाईने टेबलावर टिचकी मारली. तपासणी आदल्या दिवशी लाकडी टेबलावरून लोखंडी टेबलावर नेली होती. कॉइलीजवळ लोखंड आलं की तिचा जोर लोखंडच खाऊन टाकतं. टेबल बदललं, सगळे सेन्सर टुणकन जागे झाले.

तिच्या हातातला चिमटा तिथेच थांबला. लोखंड.

त्याच्या खिशात दिवसभर खिळे. शर्टात खिळे, विजारीच्या घडीत खिळे, ओठांत तर बोलायलाच नको. आणि कमरेला चुंबकी हातोडी! माणूस जवळ येतो तेव्हा लोखंड घेऊन येतो, चुंबक घेऊन येतो, आणि चकतीचा जोर खाऊन टाकतो. म्हणून सगळे ऐकू येतात आणि तोच नाही.

संध्याकाळी तिने त्याला दारातच अडवलं. “खिसे रिकामे करा.”

“काय झालं?” ओठांनी विचारलं.

“चोर सापडला. काढा सगळं.”

तिने परात आणून ठेवली. खिशातून खिळे निघाले, बाहीच्या दुमडीतून निघाले, एक तर मोज्यातून निघाला. परातीत ते पडत राहिले आणि तिला ते पडताना ऐकू येत राहिले. लेक दारात उभी राहून पोट धरून हसत होती. “आई, तुझं डोकं म्हणजे कारखाना झालाय. बाबा, पुढे काय, दाताचं सिमेंटपण काढा म्हणेल ही!”

हातोडी सगळ्यांत शेवटी. तिने ती दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर न्यावा तशी जिन्यापर्यंत नेऊन ठेवली. मग त्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसली. “आता बोला.”

तो तिच्याकडे बघत राहिला. कसल्यातरी काठावर उभा असल्यासारखा. मग ओठ हलले, “काय बोलू?”

पंखा. रस्ता. कुत्रा.

“नाही आलं,” ती म्हणाली, आणि लेकीचं हसू ओसरलं.

दुसऱ्या दिवसापासून तो हातोडी दुकानातच ठेवू लागला. वर यायच्या आधी हात धुवी, शर्ट बदली, झटकून झटकून अंग बघे. तिने काही न सांगता. चुंबकावरचा आळ त्याने मुकाट्याने स्वतःच्या हाताने पक्का केला, आणि ते बघून तिला इतकं भरून आलं की तिने दुसरंच ठरवलं. तो जिन्यावर वाजला, त्याची पावलं आता तिला पाठ होती, की ती चकती काढून डबीत ठेवायची. मग घर पूर्वीसारखं. कुत्रा नाही, पंखा नाही, समोर छापील ओठ आणि मनात तिचा तो संथ, भरदार आवाज. सगळं ऐकू येऊन हा एकटा ऐकू न येणं हे पूर्वीच्या शांततेपेक्षा फार एकटं होतं.

लेक मात्र बिथरली. एकदा तिने पाठीमागून काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगितलं असावं. आई वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले.

“काय गं?”

“काही नाही.” लेकीचे ओठ रागाने बारीक झाले होते. “बाबा आले की तू बंद. दुकानाचं शटर जसं. मी काय फक्त कारखान्याच्या वेळेत बोलायचं तुझ्याशी?”

मग बीपबाईनेही पकडलं. यंत्र किती वेळ जागं होतं ते तिच्या लॅपटॉपवर दिसे. “रोज संध्याकाळी बंद? असं केलंत तर मेंदू शिकायचा थांबेल. आलेलंसुद्धा जाईल. घालायचं तर पूर्ण घाला.”

त्या संध्याकाळी ती नवऱ्यासमोर बसली. चकती डबीत होती.

“मी पुढच्या आठवड्यात त्या बाईंना सांगणार आहे,” ती म्हणाली. “पुरे आता. मला नको हे.”

“का?” त्याचा चेहरा एकदम उतरला. “लेकीचं ऐकू येतं ना? फिरकीचं?”

“येतं. पण संध्याकाळी घर निवडावं लागतं. एक तर ती, नाहीतर तुम्ही. मी असं नाही जगू शकत. त्यापेक्षा जसे होतो तसे बरे होतो.”

त्याने तिचा हात धरला, सोडला, उठला, खिडकीपाशी गेला. तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. इतक्या वर्षांत बोलणं अर्धं ठेवून त्याने तिच्याकडे पाठ कधी केली नव्हती.

दोन दिवसांनी कारखान्याची वीज गेली आणि सगळ्यांना दुपारीच सोडलं. ती चकती लावूनच घरी निघाली. रस्ता भरून आवाज होते. एक सायकल, एक भांडण, कुणाची तरी शिट्टी. इमारतीच्या दाराशी आली तर दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि आतून एक पुरुष बोलत होता.

आवाज अनोळखी. गिऱ्हाईक असेल. ती जिन्याकडे वळली, पण तो आवाज असा काही होता की पाय उचलेना. तो सुरू होई आणि अडे. एकाच अक्षरावर थबकून राही, त्याला धक्के देई, मग एकदम दोन-तीन शब्द सुटून पळत. अजून तिला न बघता सगळं कळत नसे, तुकडेच कळत. तिला कळलं, “म-म-मशीन.” मग बराच वेळ नुसता श्वास. मग, “ब-बायको.” मग, “ठ-ठीक आहे... द-द-दोष नाही त-तिचा.” पुन्हा श्वास. “ब-बंद करू द-देऊ नका त-तिला, ब-बाई. म-म-मी...”

ती वाकून शटरखालून आत गेली.

आत गिऱ्हाईक नव्हतं. उसवलेला सोफा, काथ्याचे पुंजके, आणि नवरा. उजव्या हातात फोन, कपाळावर घाम, डाव्या हाताची मूठ घट्ट. हातोडी कमरेला. खिळ्यांचा डबा मांडीजवळ उघडा. त्याने तिला पाहिलं आणि फोन बंद केला. बीपबाईचा नंबर क्षणभर चमकून विझला.

“कधी आलीस?” त्याचे ओठ म्हणाले.

पंखा ऐकू आला. शटर वाऱ्याने कुरकुरलं तेही. ओठ हलले आणि त्यांतून काही आलं नाही. हातोडी जवळ होती म्हणून नाही. आत्ता, इथेच, त्याच हातोडीशेजारून एवढं सगळं आलं होतं. ओठांत आवाजच नव्हता.

सोफ्याच्या उघड्या चौकटीवर ती टेकली. सगळं एकदम कळायला लागलं की माणसाला बसावं लागतं. दुकानात बोटाने दाखवणं. गिऱ्हाइकांना लिहून पाठवणं. ओठांत खिळे. ते ओठ छापील का होते, तेही. आवाज काढला की अक्षर अडतं, नुसते ओठ हलवले की अडत नाही. बहिऱ्या बायकोसमोर त्याला आवाज काढायची गरजच नव्हती. तिच्यासमोर तो जगातला सगळ्यांत सरळ बोलणारा माणूस होता, आणि फक्त तिच्याचसमोर. लेकीला बाबा अडखळतात हे ठाऊक होतं, तिला वाटे आईलाही ठाऊक असणारच. बिनआवाजाचं बोलणं तर तिने पाळण्यातून पाहिलेलं, त्यात वेगळं काही आहे हे तिच्या डोक्यातही आलं नसेल.

“तो तुमचा आवाज होता?” तिने विचारलं.

त्याने हो म्हणून मान हलवली.

“इतकी वर्षं?”

त्याचे ओठ भराभर हलायला लागले, नेहमीसारखे स्पष्ट. “तू मला सांगितलंस माझा आवाज कसा आहे. संथ, म्हणालीस. भरदार. गाठ नाही, जोड नाही. मी काय सांगणार होतो? मग खिळे निघाले, चुंबक निघालं, आणि तू एवढ्या विश्वासाने ते परातीत...”

“परातीत मोज्यातला खिळासुद्धा टाकलात तुम्ही,” ती म्हणाली. “मला वाटलं, किती कष्ट घेतोय हा माणूस!” आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. तोही हसला. बिनआवाजाचाच.

मग हसू संपलं. तिने हात केसांत घातला, चकतीला नख लावलं.

“काढू का?” ती म्हणाली. “सांगा. तुम्हाला अवघड होत असेल तर घरी आपण पूर्वीसारखं बोलू. मला राग नाही. बीपबाईला मी सांभाळून घेईन.”

त्याने उठून तिचा हात धरला. चकती अर्धी सुटली होती, आवाज तुटक येत होता. त्याने स्वतःच्या बोटाने ती हलकेच ढकलली. आतलीला बाहेरली सापडली. टप्.

तो तिच्यासमोर काथ्यात गुडघे टेकून बसला. तोंड उघडलं. ओठ एका जागी थांबले. इतक्या वर्षांत ते कधी असे थांबलेले तिने पाहिले नव्हते. छापील पुस्तकाचं पान फडफडत होतं आणि उलटत नव्हतं. त्याची नजर तिच्या डोळ्यांवर होती, तिची त्याच्या ओठांवर, आणि तिला कळलं की आपण वाचतोय म्हणून ते उलटत नाही.

तिने डोळे मिटले.

असं तिने त्याच्यासमोर कधीच केलं नव्हतं. डोळे मिटले की तो नाहीसा व्हायचा, एवढं साधं होतं ते. आज अंधारात त्याचा श्वास राहिला. काथ्याचा वास राहिला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती गेली. तिने घाई केली नाही. मान थोडी त्याच्याकडे कलती केली आणि वाट पाहिली.

“त-त-तुझं...” आवाज आला. पातळ होता, तिने केला होता त्याहून खूप पातळ, कडेला थोडा फाटलेला. “त-तुझं ऑपरेशन च-चाललं होतं ना.”

“हं.”

“म-मी बाहेर ब-ब-बाकावर होतो. ल-लेक हात ध-धरून बसली होती माझा. त-तिला वाटलं म-मी घाबरलोय त-तुझ्यासाठी.” श्वास. शब्द अडला, पुन्हा अडला, तिने डोळे उघडले नाहीत. “म-मी मनात म्हणत होतो... न-न-नाही झालं य-यशस्वी, त-तर बरं.”